श्रद्धेला औताला जुंपणारी पंडिता

चितेगाव-बिडकीन पट्ट्यातल्या जुन्या माणसांपाशी घटकाभर बसा, बोलता बोलता १९७२ साल निघतेच. खडी फोडायची कामे, लाल मिलो, सुकडी आणि तळ गाठलेल्या विहिरी. पुढच्या पिढीला २०१२ चा दुष्काळ आठवतो. पैठण तालुक्यात तेव्हा मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. दुष्काळ म्हणजे काय, हे आपल्या भागाला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

म्हणूनच आज पंडिता रमाबाईंची गोष्ट सांगायची आहे. दुष्काळाने त्यांचे आई, वडील आणि बहीण नेली. पुढे बावीसेक वर्षांनी पुन्हा दुष्काळ पडला, तेव्हा याच बाई त्याच्याशी दोन हात करायला उभ्या राहिल्या आणि शेकडो मुली मरणाच्या दारातून परत आणल्या. रमाबाई ख्रिस्ती झाल्या हे पुष्कळांना ठाऊक आहे. संस्कृतच्या मोठ्या पंडिता होत्या हेही ऐकून माहीत असते. पण आपला धर्म त्यांनी शेतात, विहिरीवर, चुलीपाशी आणि रोजच्या कामात कसा आणला, हे फार कोणी सांगत नाही. शेतकऱ्याला आणि गावकारभाऱ्याला कामाची गोष्ट तीच आहे.

आपण नाथांच्या पैठणच्या शेजारची माणसे. रामेश्वराला न्यायचे कावडीतले पाणी नाथांनी तहानेल्या गाढवाला पाजले, ही कथा आपल्याकडे पोराटोरांना पाठ असते. देवाच्या नावाचे पाणी आधी तहानलेल्याच्या तोंडी गेले पाहिजे, ही कसोटी आपल्याला नवी नाही. धर्म कोणताही असो, रमाबाईंचे आयुष्य याच कसोटीवर लावून बघा.

पेटाऱ्यातून निघालेला प्रवास

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई. बायकोला संस्कृत शिकवले म्हणून अनंतशास्त्र्यांवर विद्वान मंडळी उठली. शास्त्रीबुवांनी शास्त्राचाच आधार काढून उत्तर दिले, पण गावात राहण्यापेक्षा कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात बिऱ्हाड केले. तिथेच रमाबाई जन्मल्या. त्या सहा महिन्यांच्या असताना घर मोडले आणि सगळे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. लहानगी रमा वेताच्या पेटाऱ्यात, माणसाच्या डोक्यावर बसून निघाली. पुढे वर्षानुवर्षे पायी प्रवास. देवळात पुराण सांगायचे, लोक देतील त्यावर राहायचे. या चालत्या शाळेत आईने मुलीला संस्कृत शिकवले. भागवत तिला तोंडपाठ झाले.

मग मद्रास इलाख्यात दुष्काळ आला. घरात होते नव्हते ते विकून झाले. देवाला नवस, ब्राह्मणांना दान, यात उरलेसुरले गेले. अंगमेहनतीची सवय नव्हती, आणि विद्वानाच्या घरातल्या माणसाने मजुरी करायची लाजही होती. शेवटी रानातला पाला आणि जंगली फळे खाऊन दिवस काढले. १८७४ मध्ये आधी वडील गेले, पाठोपाठ आई गेली, थोड्या दिवसांनी थोरली बहीण गेली. सोळा वर्षांची रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास एवढे दोघे उरले.

हे दोघे पुढची काही वर्षे देशभर चालत राहिले. उत्तरेत झेलम नदीच्या काठी थंडीच्या रात्री अंगावर पांघरूण नव्हते, तेव्हा वाळूत खड्डे करून डोके तेवढे बाहेर ठेवून ते निजले. इतके सोसूनही तीर्थात आणि देवळात जे ऐकले होते त्याचा प्रत्यय येईना. देव आहे, पण माणूस उपाशी मरतो तेव्हा धर्म नक्की काय करतो, हा प्रश्न या मुलीच्या मनात तेव्हापासून रुतला. पुढचे सगळे आयुष्य म्हणजे या एका प्रश्नाचा पाठलाग आहे.

पंडिता झाली, पण घर उरले नाही

१८७८ मध्ये भाऊ-बहीण कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. वीस वर्षांच्या मुलीला असा मान मिळणे ही त्या काळी साधी बाब नव्हती. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी लग्न केले. जात वेगळी, भाषा वेगळी. १८८१ मध्ये मुलगी झाली, तिचे नाव मनोरमा. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने नवरा गेला. चोविसाव्या वर्षात विधवा, कडेवर मूल, माहेर नाही, सासर नाही.

त्या पुण्याला आल्या. तिथे आर्य महिला समाज काढला, स्त्री धर्म नीति हे पुस्तक लिहिले. त्याच वर्षी सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर कमिशनपुढे साक्ष दिली आणि बायकांसाठी शिक्षिका हव्यात, स्त्री डॉक्टर हव्यात, असे ठासून सांगितले. पुस्तकाच्या पैशाचा आधार घेऊन १८८३ मध्ये मुलीसह विलायतेला गेल्या. डॉक्टर व्हायचे मनात होते. पण कानाने कमी ऐकू येऊ लागले आणि तो बेत सोडावा लागला.

विलायतेत वाँटेज गावी ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्या उतरल्या होत्या. लंडनच्या फुलहॅम भागात या भगिनींचे एक घर होते. वाट चुकलेल्या, समाजाने टाकलेल्या बायकांना तिथे ठेवून घेत, प्रेमाने वागवत, कामाला लावत. रमाबाईंनी हे पाहिले आणि त्या थबकल्या. आपल्याकडे अशा बाईला दारातही उभे करत नाहीत, आणि इथे तिला उराशी धरतात, हे कशामुळे? तेव्हा त्यांना शोमरोनी बाईची बायबलमधली गोष्ट वाचून दाखवण्यात आली. लोकांनी हलकी ठरवलेल्या त्या बाईकडे येशूने विहिरीवर पाणी मागितले आणि तिच्याशी मानाने बोलला, अशी ती गोष्ट. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाई आणि मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वादविवाद पुष्कळ झाले, ग्रंथ पुष्कळ वाचले, पण बाईंचे मन वळले ते केलेले काम पाहून. आणि ख्रिस्ती झाल्या म्हणून त्यांनी पाद्री सांगेल तशी मान डोलावली, असेही नाही. मठातल्या वडीलधाऱ्या भगिनींशी त्या पत्रांतून भांडल्या. कोणती शिकवण पटते आणि कोणती पटत नाही, हे तोंडावर सांगितले. शाकाहार सोडला नाही, पोशाख बदलला नाही. परका धर्म घेतला, पण परकी हुकमत घेतली नाही.

शारदा सदन आणि वादळ

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या. त्या समारंभाला रमाबाई गेल्या आणि तिथेच राहून बालशिक्षण शिकल्या, व्याख्याने दिली, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या हालावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. बोस्टनमध्ये त्यांच्या नावाची मंडळी स्थापन झाली आणि दहा वर्षे मदत देण्याचे ठरले. हा आधार घेऊन त्या परतल्या. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. केशवपन झालेल्या, घरात कोंडलेल्या बालविधवांसाठी ही शाळा होती. पुढच्या वर्षी ती पुण्यात आली. गोदूबाई ही इथली सुरुवातीची विद्यार्थिनी. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी तिच्याशी पुनर्विवाह केला. विधवांसाठी संस्था काढणारे हेच ते महर्षी कर्वे.

सदनात कोणावर धर्माची सक्ती नव्हती. ज्या मुलींना सोवळे-ओवळे पाळायचे त्यांना तशी मोकळीक होती. पण रमाबाई स्वतः प्रार्थना करत तेव्हा दार उघडे असे आणि काही मुली येऊन बसत. यावरून पुण्यात रान पेटले. केसरीने कडाडून टीका केली. सल्लागार असलेले न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी १८९३ मध्ये अंग काढून घेतले. पालकांनी मुली नेल्या, सदन अर्धेअधिक ओस पडले.

दोन्ही बाजू नीट समजून घ्याव्यात. ज्यांनी धर्म न शिकवण्याच्या भरवशावर मुली पाठवल्या त्यांना फसल्यासारखे वाटले. रमाबाईंचे म्हणणे असे की मी कोणाला बोलावत नाही, पण माझी श्रद्धा दार लावून लपवणारही नाही. वाद मिटला नाही. बाईंनी शाळा मात्र बंद केली नाही.

१८९६ चा निर्णय

अमेरिकेची मदत १८९८ ला संपणार, हे रमाबाईंना दिसत होते. दुसऱ्याच्या दानावर किती दिवस चालायचे? त्यांनी हिशेब मांडला आणि पुण्याच्या पूर्वेला केडगाव इथे सुमारे शंभर एकर जमीन घेतली. आपण पुण्याला जाताना नगरजवळ जे केडगाव लागते ते हे नव्हे. हे दौंड तालुक्यातले, पुणे-दौंड रेल्वेवरचे केडगाव. फळझाडे लावायची आणि त्या उत्पन्नावर शाळा चालवायची, असा बेत होता. बेत साधाच, कोणत्याही कुणब्याला समजेल असा.

पण बाग उत्पन्नावर यायच्या आत १८९६ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून भयंकर बातम्या येऊ लागल्या. आता विचार करा. हाताशी मोजक्या मुलींची शाळा, तिचीही बदनामी झालेली, पैसा बेताचा, मदतीची मुदत संपत आलेली. अशा वेळी शहाणा माणूस म्हणेल, आपले आपण सांभाळू. रमाबाईंना मात्र मद्रास इलाख्यातले ते रान आठवले. भूक म्हणजे काय हे आपल्याला माहीत असताना घरी बसलो, तर आपली प्रार्थना खोटी, असा त्यांचा सरळ हिशेब झाला. त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या.

तिथे जे दिसले ते वाईट होते. सरकारी मदतकेंद्रे होती, पण आईबाप मेलेल्या कोवळ्या पोरींना तिथे वाली नव्हता. त्यांना फसवून नेणारे दलाल टपलेले होते. रमाबाईंनी मुली आणायला सुरुवात केली. हाडांचे सापळे, अंगावर खरूज, डोक्यात उवा, खायला दिले तर पोट धरत नाही अशी अवस्था. असे करता करता आकडा तीनशेच्या घरात गेला. त्यात पुण्यात प्लेगाची साथ आली. एवढ्या मुली शहरात ठेवायला मनाई झाली. मग मोकळ्या माळावर, केडगावलाच, छपरे टाकून त्यांना उतरवले. बागेसाठी घेतलेली जमीन माणसांसाठी कामी आली. १८९८ पासून या वसाहतीला मुक्ती हे नाव पडले.

दोन वर्षांत पुन्हा दुष्काळ. गुजरात-राजस्थानात आजही ज्याला छप्पन्नचा दुष्काळ म्हणतात, तो हा. संवत १९५६, इंग्रजी १८९९-१९००. तिकडूनही मुली आल्या आणि मुक्तीची वस्ती दोन हजारांच्या जवळ पोचली. एवढी माणसे म्हणजे त्या काळचे एक मोठे गाव. त्यांचे पाणी, धान्य, सरपण, संडास, आजारपण, सगळे रोज पाहायचे.

केडगावचा कारभार

हा गाडा कसा चालला, हे गावकारभाऱ्यांनी मुद्दाम समजून घ्यावे.

पहिले म्हणजे पाणी. माळावर विहिरी खणल्या. त्याशिवाय ना पिणे ना शेती. दुसरे, काम. मुक्तीत आलेली मुलगी बसून खाणारी राहणार नाही, असा कटाक्ष होता. दिवसाचा काही भाग शाळा, काही भाग काम. शेती, भाजीपाला, दूधदुभते, विणकाम, तेलाचा घाणा, शिवण, पाव भाजणे, कपडे धुणे, छापखाना. जिला जे जमेल ते. आपल्या आईबापांना दुष्काळात मजुरीची लाज वाटली आणि त्यात जीव गेले, ही गोष्ट रमाबाई विसरल्या नव्हत्या. हाताला कसब नसेल तर विद्याही उपाशी मरते, हे त्या घरच्या अनुभवाने शिकल्या होत्या.

तिसरे, जबाबदारीची वाटणी. शारदा सदनात शिकलेल्या विधवांना नव्या मुलींचे गट वाटून दिले. काल जिला घरात अपशकुनी म्हणत होते, ती आज वीस-पंचवीस पोरींची आई झाली. चौथे, कोणालाच टाकायचे नाही. अत्याचार झालेल्या बायकांसाठी कृपा सदन, म्हाताऱ्या आणि दुबळ्यांसाठी प्रीती सदन. आंधळ्या मुलींसाठी मनोरमाबाईंनी ब्रेल लिपीची सोय केली, त्यांनाही हाताची कामे शिकवली.

याच मनोरमाबाईंच्या मदतीने पुढे १९१२ मध्ये गुलबर्ग्याला, म्हणजे आजच्या कलबुर्गीला, शाळा निघाली. त्या काळी गुलबर्गा आणि आपला मराठवाडा एकाच निजामी राज्यात होते आणि मुलींच्या शिक्षणाच्या बाबतीत दोन्हीकडे अंधारच होता.

बायबल आणि शेताचा बांध

ज्यांनी बायबल वाचलेले नाही त्यांना वाटते की त्यात फक्त स्वर्ग-नरकाच्या गोष्टी असतील. तसे नाही. त्याच्या जुन्या भागात शेतकऱ्यासाठी रोखठोक नियम आहेत. मजुराची मजुरी दिवस मावळायच्या आत द्यावी. सुगीत शेताच्या कडेचे पीक कापू नये, आणि खाली पडलेली कणसे गोळा करू नयेत. तो सरवा गरिबाने, परक्याने आणि विधवेने वेचावा. शेजाऱ्याचा बांध सरकवू नये, पोरक्याच्या शेतात शिरू नये. रूथ नावाची तरुण विधवा सासूला घेऊन परगावी येते आणि सरवा वेचून तिला जगवते, अशी एक सबंध गोष्ट त्यात आहे.

रमाबाईंनी बायबल असे वाचले. विधवा, पोरके, परके, ही नावे त्यांना पुस्तकात दिसत आणि दारातही दिसत. पुस्तकातला नियम आणि दारातले माणूस यांच्यात अंतर ठेवायचे नाही, एवढीच त्यांची रीत.

सरकार ख्रिस्ती आहे म्हणून त्यांनी त्याची भीड धरली, असेही झाले नाही. १८९७ मध्ये पुण्याच्या प्लेग रुग्णालयात आपल्या मुलीची हेळसांड झाली, तेव्हा त्यांनी वर्तमानपत्रात उघड लिहिले. गव्हर्नरांना त्यावर खुलासा करावा लागला, आणि गोष्ट विलायतेच्या पार्लमेंटापर्यंत गेली.

आता एक अवघड प्रश्न. दुष्काळातल्या पोरक्या मुलींना त्यांनी ख्रिस्ती संस्कारात वाढवले, हे योग्य होते का? हा सवाल तेव्हाही झाला, आजही होतो. उपाशी माणसाला अन्न देणाऱ्याच्या धर्माला नाही म्हणणे सोपे नसते, हे खरेच आहे. ज्याच्या त्याच्या मताप्रमाणे याचे उत्तर वेगळे येईल. पण त्याबरोबर दुसराही सवाल विचारला पाहिजे. त्या पोरी रस्त्याच्या कडेला पडल्या होत्या, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या जातीचे, गावचे, भावकीचे किती जण त्यांना उचलायला गेले होते?

अक्षर न अक्षर सोपे

उतारवयात रमाबाईंनी एक मोठे काम अंगावर घेतले. त्या वेळचे मराठी बायबल नुकत्याच अक्षरे शिकलेल्या बाईला जड जाई. म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषा शिकून घेतल्या आणि साध्या मराठीत सगळा ग्रंथ नव्याने उतरवला. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामे मुक्तीच्या छापखान्यात तिथल्या बायकाच करत. दुष्काळात उचलून आणलेल्या पोरी आता ग्रंथ छापत होत्या. ज्या माणसासाठी लिहायचे त्याला कळेल असे लिहावे, हा धडा सरकारी परिपत्रके काढणाऱ्यांनीही घ्यावा असा आहे.

१९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले. १९२१ च्या जुलैत मनोरमा वारली. ज्या लेकीच्या हाती सगळे सोपवायचे, तीच आधी गेली. आईने काम थांबवले नाही. भाषांतर पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावलाच देह ठेवला. ग्रंथ १९२४ मध्ये छापून बाहेर पडला. १९८९ मध्ये भारत सरकारने त्यांच्या नावे टपाल तिकीट काढले. केडगावची मुक्ती संस्था आजही चालू आहे.

आपल्या शिवारात

आपल्या जिल्ह्यात गंगापूर-वैजापूरकडच्या अनेक गावांत ख्रिस्ती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या शेती करतात. त्यांना रमाबाई घरच्या. पण ही गोष्ट त्यांच्यापुरती नाही. मराठवाड्यात कर्जापायी शेतकऱ्याने जीव दिला की मागे बाई उरते. चार दिवस सगळे येतात. मग सातबाऱ्यावर तिचे नाव लागायचे राहते, दीर-भाऊबंद बांध कोरतात, बँक तिला दारात उभी करत नाही. रमाबाईंच्या वेळी विधवेचे केस कापत. आता पुष्कळ ठिकाणी तिचे नाव कापतात.

यासाठी नवा कायदा लागत नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत वाटा आहे, २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो, त्यातही विधवेचा वाटा आहे. माणूस गेल्यावर तीन महिन्यांच्या आत महसुली दप्तराला खबर द्यायची असते. वारसाची नोंद गाव नमुना ६-क मध्ये होते आणि त्यावरून फेरफार पडतो. हे ग्रामपंचायतीत एखाद्याने मनावर घेऊन केले तर बाईला हेलपाटे पडत नाहीत. १९९२ मध्ये शासनाने लक्ष्मीमुक्ती योजनेत नवऱ्याच्या हयातीतच बायकोचे नाव जमिनीला लावण्याची सोय केली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात शासनाने इतर गावांनाही तसे करण्याचे आवाहन केले.

ठराव करायला एक ग्रामसभा पुरते. पण रमाबाईंचा हिशेब ठरावावर थांबत नव्हता. पाणी कुठून, पीठ कुठून, हाताला काम कोणते आणि ती स्वतःच्या पायावर कधी उभी राहील, हे चार प्रश्न त्या प्रत्येक मुलीसाठी सोडवत. आपल्या गावात अशी बाई कोणत्या घरात आहे, हे आपल्या सगळ्यांना माहीत असते. पुढच्या ग्रामसभेला जाताना तिच्या शेताचा उतारा एकदा काढून पाहावा आणि त्यावर कोणाचे नाव आहे, ते वाचावे.